डोंगरावरचे महाग गाव
(तृतीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

गेल्या हिवाळ्यात आमच्या अर्थशास्त्र विभागाची सहल पाचगणी-महाबळेश्वरला गेली होती. सहल म्हटली की गाडीतली गाणी, घरून आणलेली कडक भाकरी-शेंगाचटणी आणि छायाचित्रे एवढेच बहुधा मागे उरते. माझ्या मनात मात्र एक चहा घर करून राहिला आहे. पाचगणीच्या बाजारात आम्ही चौघांनी चहा घेतला आणि पैसे देताना चौघांचेही चेहरे उतरले. सोलापुरात तेवढ्या पैशांत आमचा चहा होऊन वर भजीची एक प्लेट आली असती. टपरीवाले मामा मूळचे माण तालुक्यातले, म्हणजे आमच्याच दुष्काळी पट्ट्यातले निघाले. ओळख निघाल्यावर मी धीर करून विचारले, "मामा, खोलीचं भाडं, भाजी, गॅस, सगळंच इथं महाग. मग परवडतं कसं?" मामा हसून म्हणाले, "महाग आहे म्हणूनच परवडतं की, बाळ."

त्या वेळी हे उत्तर मला थट्टेचे वाटले. परतीच्या प्रवासात आमच्या सरांनी त्यावरच प्रश्न घातला. "सोलापूर स्वस्त आहे. राहायला स्वस्त, खायला स्वस्त, मजुरी स्वस्त. तरी आपली मुले पदवी घेतली की पुण्याची गाडी धरतात. आणि ते डोंगरावरचे एवढेसे गाव महाग असूनही माणसे वर खेचून घेते. असे का?" दहिवडी मागे पडेपर्यंत गाडीत त्यावर वाद चालला होता. त्या वादातून, पुढे ग्रंथालयात बसून केलेल्या वाचनातून आणि थोड्या विचारातून जे हाती आले, ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

प्रथम त्या गावाची ओळख करून घेऊ. सोलापूरहून पंढरपूर, म्हसवड, दहिवडी, पुसेगाव, कोरेगाव करीत सातारा गाठायचा, तेथून पाचवडमार्गे वाई. वाई म्हणजे कृष्णाकाठचे घाटांचे व मंदिरांचे गाव. प्राज्ञपाठशाळा तेथली आणि मराठी विश्वकोशाचे कामही तेथूनच चालत आले. वाई सोडली की पसरणीचा घाट लागतो. वळणावळणाने गाडी वर चढते, खाली धोम धरणाचे पाणी दिसू लागते, कानात दडे बसतात आणि घाट संपता संपता सिल्व्हर ओकची उंच झाडे सुरू होतात. समुद्रसपाटीपासून सुमारे १३०० मीटर उंचीवर आपण आलेलो असतो. आपले सोलापूर साडेचारशे मीटरच्या आसपास आहे, हे लक्षात घेतले म्हणजे हवेतला फरक निराळा सांगायला नको.

२०११ च्या जनगणनेत पाचगणीची लोकसंख्या सुमारे पंधरा हजार होती. त्याच जनगणनेत सोलापूर शहर साडेनऊ लाखांचे होते. म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या पेठेत आणि तिच्या शेजारच्या दोन-चार गल्ल्यांत मावेल एवढे ते गाव. परंतु या एवढ्याशा गावात निवासी शाळांची रांगच लागलेली आहे. आपण ज्याला 'विद्येचे गाव' म्हणतो त्यात सहसा महाविद्यालये किंवा विद्यापीठ डोळ्यांपुढे येते. पाचगणीत ते काम प्रामुख्याने शाळांनी केले आहे. मुंबई, पुणे, गुजरात आणि परदेशांतूनही मुले येथे वसतिगृहात राहून शिकतात. झांझिबारमध्ये राहणाऱ्या एका पारशी कुटुंबाने आपला मुलगा फारूख बलसारा याला १९५० च्या दशकात येथल्या सेंट पीटर्स शाळेत ठेवले होते. हाच मुलगा पुढे फ्रेडी मर्क्युरी या नावाने जगप्रसिद्ध गायक झाला. 'तारे जमीन पर' (२००७) या चित्रपटातील वसतिगृहाची शाळाही पाचगणीचीच, न्यू एरा हायस्कूल. हे सांगण्याचे कारण इतकेच की, येथे येणारा पैसा किती दूरवरून येतो याची कल्पना यावी.

आता मूळ प्रश्न. शाळांनी हेच गाव का निवडले?

याचे उत्तर पावसात आहे. सह्याद्रीच्या माथ्यावरच्या महाबळेश्वरची वसाहत सर जॉन माल्कम या मुंबईच्या गव्हर्नरच्या काळात, १८२८-२९ च्या सुमारास उभी राहिली. उन्हाळ्यात साहेब मंडळी तेथे जात. परंतु महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, म्हणजे आपल्या सोलापूरच्या जवळजवळ दसपट. पावसाळ्यात घरांना गवताचे तट्टे बांधून गाव मिटून घ्यावे लागे. तेथून पूर्वेला अवघ्या अठरा-वीस किलोमीटरवर पाचगणी आहे. समुद्रावरून येणारे ढग माथ्यावर बहुतेक रिते होतात आणि मागे येईतो त्यांतले पाणी बरेच कमी झालेले असते. पाचगणीला महाबळेश्वरच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याइतकाच पाऊस पडतो. वाईला उतरलो की तो आणखी घटतो. उंची जवळपास तीच, थंडावा तोच, परंतु बाराही महिने राहता येईल अशी जागा. भूगोलाच्या पुस्तकात आपण 'पर्जन्यछायेचा प्रदेश' ही संज्ञा पाठ करतो. सोलापूरकरांना ती दुष्काळाच्या रूपाने भेटते. पाचगणीचे मात्र त्याच छायेच्या पहिल्या पावलावर भाग्य उजळले.

१८६० च्या दशकात जॉन चेसन या इंग्रजाकडे या ठिकाणाची देखरेख सोपविण्यात आली. दांडेघर, गोडवली, आंब्रळ, खिंगर आणि तायघाट या पाच गावांच्या मधली ही जागा. त्यांवरूनच पाचगणी हे नाव पडले. चेसनने परदेशी झाडे लावली, त्यांत आज गावाची ओळख बनलेली सिल्व्हर ओकही होती. परंतु त्याहून महत्त्वाची एक गोष्ट त्याने केली. शिंपी, धोबी, खाटीक, भाजीवाले, बांधकामाचे ठेकेदार अशा लोकांना त्याने वर बोलावून वसविले आणि बाजाराखालची जागा त्यांना राहण्यासाठी दिली. तो भाग आजही गावठाण म्हणून ओळखला जातो. बंगले बांधणे सोपे असते. बंगल्यातल्या माणसाचे कपडे कोण धुणार, भाजी कोण आणणार आणि तो धुणारा-आणणारा राहणार कोठे, याचा विचार करणे अवघड. तो विचार येथे सुरुवातीलाच झाला. हा मुद्दा वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण पुढे आपल्याला पुन्हा त्याकडे यायचे आहे.

आरंभी पाचगणी हे प्रकृती सुधारण्याचे आणि निवृत्तीनंतर राहण्याचे ठिकाण होते. पुढे शाळा आल्या. सेंट जोसेफ्स कॉन्व्हेंट १८९५ ची, किमिन्सची शाळाही त्याच दशकातली. सेंट पीटर्स १९०४ मध्ये युरोपियन मुलांसाठी निघाली. त्या काळी गोऱ्या लोकांत समजूत होती की, हिंदुस्थानच्या उन्हाळ्यात मुलांची प्रकृती टिकत नाही. मुले विलायतेला धाडावीत किंवा डोंगरावर ठेवावीत. म्हणूनच सिमल्यात बिशप कॉटन (१८५९), मसुरीत वुडस्टॉक (१८५४) अशा शाळा डोंगरांवर निघाल्या. पाचगणीचे वैशिष्ट्य असे की, हे लोण गोऱ्यांपाशी थांबले नाही. पारशी समाजाची बिलिमोरिया शाळा १९०८ मध्ये निघाली. १९२२ मध्ये संजीवन विद्यालय सुरू झाले, ते भारतीय वळणाचे. बहाई मंडळींचे न्यू एरा १९४५ चे. त्यामुळे १९४७ नंतर इंग्रज गेले तरी गाव ओस पडले नाही. गिऱ्हाईक बदलले, पेढी तीच राहिली.

याच काळात आणखी एक व्यवसाय येथे होता, तो क्षयरोग्यांच्या आरोग्यधामांचा. डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी १९१२ मध्ये बेल-एअर सॅनेटोरियम काढले. क्षयावर तेव्हा औषध नव्हते. मोकळी हवा, विश्रांती आणि सकस आहार हाच उपचार होता. १९४० च्या दशकात स्ट्रेप्टोमायसीनचा शोध लागला आणि हळूहळू जगभरातल्या अशा आरोग्यधामांची गरज सरत गेली. बेल-एअर मात्र टिकले. ते रुग्णालय झाले आणि तेथे परिचारिकांच्या शिक्षणाचीही सोय झाली. औषधाची एक बाटली एका गावाचा धंदा बुडवू शकते, हे यावरून दिसते. आणि गाव एकाच धंद्यावर उभे नसेल तर ते तरते, हेही दिसते.

हा झाला इतिहास. आता महागाईकडे वळू.

पाचगणी महाग का, याला तीन कारणे आहेत. पहिले म्हणजे, जवळजवळ प्रत्येक वस्तू घाट चढून वर येते. तांदूळ, तेल, सिमेंट, सिलिंडर यांच्या किमतीत घाटाचे डिझेल मिसळलेले असते. दुसरे, गिऱ्हाईक मोठ्या शहरांतले असते. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याहून येणारा माणूस मक्याच्या कणसाला जो भाव देतो, तोच भाव स्थानिक माणसालाही सोसावा लागतो. तिसरे आणि सर्वांत मोठे कारण जमिनीचे. गाव डोंगराच्या सोंडेवर आहे, दोन्ही बाजूंना दऱ्या आणि डोक्यावर जांभ्या खडकाचे पठार, ज्याला टेबललँड म्हणतात. पसरायला जागाच नाही. त्यात २००१ मध्ये केंद्र सरकारने महाबळेश्वर-पाचगणीचा टापू पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला आणि बांधकामावर बंधने आली. मागणी वाढत राहिली आणि जमीन मात्र आहे तेवढीच. अशा वेळी भाव चढणार हे बारावीचा विद्यार्थीही सांगेल.

मग या महागाईत गाव मरत का नाही? येथे आपल्याला जुन्या गुणक सिद्धांताची मदत होते. आर. एफ. कान यांनी १९३१ मध्ये तो मांडला आणि केन्सने त्याला प्रसिद्धी दिली. परीक्षेत आपण त्याचे सूत्र लिहितो. गावात त्याचा अर्थ काय, ते पाहू.

समजा, मुंबईच्या एका पालकाने शाळेला शंभर रुपये दिले. ते सारे गावाबाहेरून आलेले पैसे. त्यांतले साठ रुपये तांदूळ, पुस्तके, वीज, डिझेल यांवाटे पुन्हा बाहेर गेले असे धरू. चाळीस रुपये शिक्षक, स्वयंपाकी, माळी, धोबी, शिंपी यांच्या हाती राहिले. त्यांनीही तसेच केले, चाळीसांतले सोळा गावातच खर्चले. कोणी दाढी केली, कोणी चप्पल शिवली, कोणी आमच्या मामांकडे चहा घेतला. त्या सोळांतले सहा रुपये चाळीस पैसे पुन्हा गावातच फिरले. ही बेरीज करीत गेलो तर शंभर रुपयांचे सुमारे एकशे सहासष्ट होतात. हे आकडे केवळ समजावण्यासाठी घेतले आहेत. खरे प्रमाण मोजायचे तर पाहणी करावी लागेल. परंतु गाठ येथे आहे. गाव श्रीमंत होते ते तेथे वस्तू महाग की स्वस्त यावर नव्हे. बाहेरून किती पैसा येतो आणि आल्यावर किती हातांतून फिरतो, यावर ते ठरते.

मामांच्या उत्तराचा उलगडा आता होतो. चहा महाग, कारण भाडे महाग. भाडे महाग, कारण जागेला मागणी. मागणी, कारण बाहेरचा पैसा तेथे खात्रीने येतो. म्हणजे महागाई हे त्या गावाच्या भरभराटीचे कारण नव्हे, तिची सावली होय. मामांना भाडे जास्त पडते खरे, पण गिऱ्हाईक ठरलेले असते. माणमधल्या त्यांच्या गावी भाडे नाहीच, पण चहा प्यायला माणूसही नाही.

येथे 'खात्रीने' या शब्दावर मी जोर देतो. थंड हवेची ठिकाणे महाराष्ट्रात अनेक आहेत. पर्यटकांच्या पैशाला ऋतू असतो. एप्रिल-मे, दिवाळी, नाताळ. बाकीच्या दिवसांत लॉजचा मालक माशा मारीत बसतो. शाळेचा पैसा तसा नाही. मूल एकदा पाचवीत आले की दहावीपर्यंत राहते. पालक फी भरतात, भेटायला येतात, हॉटेलात उतरतात, जाताना जॅम-सरबताच्या बाटल्या नेतात. धो धो पावसातही वसतिगृहात चूल पेटतेच. म्हणून वर्षभराच्या पगारावर माणूस ठेवता येतो, म्हणून त्या माणसाला घर करता येते, म्हणून त्याची बायको शिवणाचे यंत्र घेऊन बसते. हंगामी गाव आणि वसते गाव यांत फरक असतो तो हा.

याला शेतीचीही जोड मिळाली. महाबळेश्वर-पाचगणी परिसरात स्ट्रॉबेरी रुजली आणि देशातील या फळाचा फार मोठा वाटा येथून येऊ लागला. २०१० मध्ये महाबळेश्वर स्ट्रॉबेरीला भौगोलिक चिन्हांकन मिळाले. फळ नाजूक, दोन दिवसांत खराब होणारे. त्यावर जॅम आणि सरबताचा तोडगा निघाला. मॅप्रो हा उद्योग पाचगणीत १९५९ मध्ये सुरू झाला, तो या वाटेवरचा मोठा टप्पा. जवळचे भिलार हे स्ट्रॉबेरीचे गाव मे २०१७ पासून 'पुस्तकांचे गाव' झाले. तेथे घराघरांत मराठी पुस्तकांची दालने आहेत आणि वाचायला पैसे पडत नाहीत. आमच्या सहलीतल्या मराठीच्या विद्यार्थिनींना तेथून उठवताना मॅडमच्या नाकी नऊ आले. शिवाय २०२२ च्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाहून कमी लोकसंख्येच्या शहरांत पाचगणीचा देशात पहिला क्रमांक लागला. जे गाव हवा आणि शांतता यांवर जगते, त्याला केरसुणीही भांडवलात धरावी लागते.

असाच प्रकार जगात इतरत्रही दिसतो. अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यात, रॉकी पर्वताच्या पायथ्याशी बोल्डर नावाचे शहर आहे. तेथे १८७६ मध्ये विद्यापीठाची स्थापना झाली. शहर मोठे नाही, लाखाच्या थोडे वर. परंतु विद्यापीठाभोवती पुढे हवामान आणि मोजमापशास्त्राच्या राष्ट्रीय संस्था आल्या, उद्योग आले. डोंगर विद्रूप होऊ नये म्हणून तेथल्या नागरिकांनी १९५९ मध्ये एक रेषा आखली आणि तिच्या वर शहराचे पाणी द्यायचे नाही असे ठरविले. १९६७ मध्ये मोकळ्या जमिनी विकत घेऊन राखण्यासाठी त्यांनी स्वतःवर विक्रीकर बसवून घेतला. परिणाम पाचगणीसारखाच झाला. डोंगर राहिला, लोक येत राहिले आणि घरे महाग झाली. आज तेथे काम करणारे हजारो लोक शेजारच्या स्वस्त गावांतून रोज ये-जा करतात.

आणि येथेच नाण्याची दुसरी बाजू सुरू होते. सकाळी वाईहून पसरणी घाट चढणाऱ्या एस.टी.त बसून पाहावे. स्वयंपाकाच्या बाया, गवंडी, दुकानातली पोरे त्या गाडीत असतात. संध्याकाळी तीच गाडी त्यांना खाली आणते. खिंगर, दांडेघर, गोडवली या मूळच्या गावांतूनही माणसे कामाला येतात. चेसनने धोब्याला गावात जागा दिली होती. आजच्या धोब्याला त्याच गावात नवी जागा घ्यायची म्हटली तर साता जन्मांची कमाई पुरणार नाही. ज्या शाळेत एखादी बाई पोळ्या लाटते, त्या शाळेची वर्षाची फी काही लाखांत असते. तिची मुले तेथे शिकत नाहीत. गावाला 'विद्येचे माहेरघर' म्हणताना ही गोष्ट नजरेआड करता येणार नाही. गाव भरभराटीला आले हे खरे. परंतु कोणासाठी, हा प्रश्न अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने तरी विचारलाच पाहिजे.

दुसरा धोका गर्दीचा. जोडून सुट्ट्या आल्या की घाटात मोटारींची रांग लागते. शाळेला शांतता हवी, हॉटेलाला गर्दी. दोघेही त्याच डोंगरावर, त्याच पाण्यावर जगतात. बाजूच्या गावांतला शेतकरी भाव पाहून जमीन विकतो आणि पुढे त्याच जमिनीवरच्या बंगल्याची राखण करतो. उद्या शांतता संपली तर पालक मुले दुसरीकडे नेतील, कारण तो पैसा शांततेसाठीच येतो. मार्च २०२० मध्ये करोनामुळे देशभर शाळा बंद झाल्या, वसतिगृहे रिकामी झाली, तेव्हा हे सर्वांना कळून चुकले. त्या दिवसांविषयी मामांना विचारले, तर ते किटलीकडे पाहून एवढेच म्हणाले, "तेव्हा गावी जाऊन बसलो." गुणक वर जाताना जसा काम करतो, तसाच खाली येतानाही करतो.

हे खाली येणे आम्हा सोलापूरकरांना नवे नाही. १८७० च्या दशकात मोरारजी गोकुळदास यांनी येथे कापडगिरणी काढली, तीच पुढे जुनी गिरणी म्हणून ओळखली गेली. मागोमाग नरसिंगगिरजी, विष्णू, लक्ष्मी या गिरण्या उभ्या राहिल्या. शहर भोंग्यावर उठे आणि भोंग्यावर जेवे. १९६० च्या दशकात जुनी गिरणी बंद पडली आणि १९९० च्या दशकात लक्ष्मी-विष्णूही थांबली. माझे आजोबा एका गिरणीत विणकाम खात्यात होते. ते सांगत की, गिरणी बंद झाल्यावर पहिल्यांदा समोरची खाणावळ बंद झाली, मग सायकलचे दुकान, मग सराफाने दुकान आवरले. गुणक हा शब्द त्यांना ठाऊक नव्हता, पण त्याची उलटी बेरीज त्यांनी रस्त्यावर उभे राहून पाहिली होती. त्यानंतर शहर स्वस्त होत गेले. ही स्वस्ताई आम्ही कौतुकाने सांगतो, पण तिचे मूळ पुष्कळसे त्या बंद भोंग्यात आहे.

मग सोलापूरने पाचगणीपासून काय घ्यावे? हवा तर घेता येणार नाही. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशीच्या पुढे जातो आणि कोणताही चेसन येथे सिल्व्हर ओक लावून त्याला खाली आणू शकत नाही. परंतु पाचगणी केवळ हवेवर जगले असते तर इतर गिरिस्थानांसारखे तेही हंगामी राहिले असते. तिने आपल्याकडच्या एका गुणाभोवती संस्था उभ्या केल्या. त्या संस्था शंभर-सव्वाशे वर्षे टिकवल्या आणि त्यांच्याकडे बाहेरून माणूस येत राहील असे पाहिले. यंत्रे दुसऱ्या गावी हलवता येतात, माग भिवंडी-इचलकरंजीलाही चालतो. शतकभर नाव कमावलेली शाळा मात्र उचलून नेता येत नाही.

आपल्याकडे असे काही नाही काय? आहे. दयानंद, संगमेश्वर अशी महाविद्यालये गेली कित्येक दशके येथे उभी आहेत. २००४ पासून या एका जिल्ह्यासाठी स्वतंत्र विद्यापीठ आहे. धाराशिव, लातूर, कलबुर्गी, विजयपूर या भागांतील मुलांना पुण्यापेक्षा सोलापूर जवळचे आणि परवडणारे आहे. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू या चारही भाषा एका चौकात ऐकू येतील असे दुसरे शहर महाराष्ट्रात शोधावे लागेल. चादर आणि टॉवेल यांचे विणकाम अजून येथे जिवंत आहे. भाषांतर, वस्त्रविद्या, कोरडवाहू शेती या विषयांत शिकायचे तर सोलापूरलाच गेले पाहिजे, असे बाहेरच्या मुलाला वाटेल, त्या दिवशी आपल्याकडेही बाहेरचा पैसा खात्रीने येऊ लागेल. नुसते स्वस्त असून चालत नाही. स्वस्त गावात माणूस पैसे वाचवायला येतो, आणि वाचले की निघून जातो.

अर्थात, तसे झाले तर सोलापूरही थोडे महाग होईल. त्या वेळी पाचगणीची चूक आपण करू नये. विद्यापीठाच्या आवारात जी बाई पोळ्या लाटेल, तिचे घर त्याच शहरात असावे आणि तिची मुलगी त्याच विद्यापीठात शिकावी. आपल्याकडे जमीन आहे, दऱ्या आडव्या येत नाहीत. पाचगणीला जे भूगोलाने अवघड केले, ते आपल्याला तेवढे अवघड नाही.

आमच्या वर्गातले निम्मे विद्यार्थी पुढच्या वर्षी पुण्याला जातील. कदाचित मीही जाईन. माझ्या पिशवीत अर्ज भरून ठेवलेला आहे. सरांच्या प्रश्नाचे उत्तर मला मिळाले, असे म्हणता येईल. त्या उत्तराचे करायचे काय, हे मात्र आम्हा सर्वांना मिळून ठरवावे लागेल. परत येताना पंढरपूरच्या स्थानकावर आम्ही पुन्हा चहा घेतला. तो स्वस्त होता. टपरीवाल्याचा मुलगा पुण्याला नोकरीला असल्याचे त्यांनी मोठ्या अभिमानाने सांगितले.